तरवडाला काळी माती सोसत नाही

परवा जालन्याहून अंबडला आले. स्टँडवर उतरून कॉलनीच्या वळणापर्यंत चालत गेले आणि खांद्यावरची बॅग तशीच ठेवून उभी राहिले. आमच्या कॉलनीची अख्खी भिंत पिवळी झाली होती. मी गेल्या महिन्यात आले तेव्हा नुसता हिरवा पाला होता. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत तरवड फुलला होता.

भादवा संपत आला की आमच्या भागात उन्हाला धार येते. सोयाबीनच्या मळणीची धूळ हवेत तरंगते, घशात बसते. कापसाची पहिली बोंडं उकलतात. पावसानं धुतलेलं आभाळ इतकं स्वच्छ असतं की लांबच्या डोंगरावरची गुरं मोजता येतात. आणि याच दिवसांत, कुणी पेरलं नाही, कुणी पाणी दिलं नाही, तरी माळावर तरवड पेटतो. झेंडू बाजारात जाण्यासाठी फुलतो. तरवडाचं तसं नाही. त्याच्या पाकळ्यांच्या कडा चुरगळलेल्या असतात, घाईघाईनं घडी मोडून बाहेर पडल्यासारख्या. मधे वाकडे पुंकेसर. काळा भुंगा त्यावर बसून असा घुमतो की झुडपाला आवाज फुटल्यासारखं वाटतं. शेळी त्याला तोंड लावत नाही. दुष्काळ त्याला हात लावत नाही.

या झुडपासाठी आम्ही एक लढाई लढलो. लहानशी. तिची बातमी कुठं आली नाही. पण मी आजवर पाहिलेल्या लढायांमध्ये पूर्ण जिंकलेली ही एकच आहे, म्हणून तिची हकीकत लिहून ठेवते.

मी पत्रकांवर वाढले. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, घनसावंगीला शाळामास्तर होते. दिवसा शाळा, संध्याकाळी पत्रकं. वस्तीला हातपंप पाहिजे, ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांना शाळेत परत घ्या, शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेवर द्या. आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांमध्ये सायक्लोस्टाइलचं मशीन होतं आणि त्याच्या शाईचा वास आमच्या भाकरीलासुद्धा यायचा. मला अक्षरं पाटीवर आली त्याच्या आधी पत्रकाच्या तीन घड्या घालता येत होत्या. अण्णांचे नियम कडक. पत्रकात शिवी नको, विशेषण जपून, आणि मागणी तीन ओळींत मावली पाहिजे. "चौथी ओळ लागली का समजायचं, आपल्यालाच कळलं न्हाई आपल्याला काय पाहिजे," असं ते म्हणायचे. आणि प्रत्येक पत्रकाच्या तळाशी, विषय कुठलाही असो, एकच वाक्य: वाचा आणि दुसऱ्याला द्या.

रिटायर झाल्यावर अण्णांनी अंबडला प्लॉट घेतला आणि घर बांधलं. कॉलनी नवी होती. मास्तर, कारकून, कोर्टातले वकील, बँकेतले लोक. टेकाड कापून प्लॉट पाडलेले, त्यामुळं जमीन म्हणजे निव्वळ मुरूम. प्रत्येक घराच्या फाटकाच्या आत, बुटक्या भिंतीला लागून, चार फूट रुंदीची एक पट्टी सोडलेली होती. झाडं लावण्यासाठी.

आई त्या पट्टीवर उभी राहिली तो दिवस मला आठवतो. तिनं चप्पल काढली. मुरमात पाय रोवून म्हणाली, "ही माझी."

आईच्या माहेरी कधी वावर नव्हतं. तीर्थपुरीकडच्या एका गावात, गावाबाहेर, माळाला टेकून तिचं घर. तिची आई तरवडाच्या साली सोलायची. कातडं कमवायला ती साल लागते, म्हणून भारे बांधून विकायला न्यायचे. आजीच्या बोटांवर त्या सालीचा तांबूस डाग होता, मरेपर्यंत गेला नाही. मीसुद्धा पाहिला आहे तो. आणि आजी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. घट बसायच्या दिवसांत गावातून बाया यायच्या, आमच्याच दारापुढच्या झुडपांवरून माळेसाठी फुलं न्यायच्या. आजीनं एकदा हौसेनं फुलं तोडून, परडी भरून एका बाईपुढं केली. त्या बाईनं परडी घेतली नाही. बाजूच्या झुडपावरून स्वतः तोडली. "फूल चालायचं," आजी म्हणायची, "तोडणारी चालायची न्हाई."

म्हणून आईनं ठरवलं, दारात लावायचा तर तरवडच. गुलाब नाही, जास्वंद नाही.

आणि मग आम्ही अशी चूक केली की आमच्यासारख्यांनीच करावी.

अण्णांच्या मनात आलं, आपल्या झाडाला चांगल्यातली चांगली माती घालू. त्यांचा एक जुना विद्यार्थी गोदाकाठचा. त्याला सांगून ट्रॉलीभर काळी माती मागवली. लोण्यासारखी. हातात घेतली तर बोटांना सोडेना. पट्टीतला मुरूम दोन दोन हात खोल काढून टाकला आणि ती माती भरली. अण्णा स्वतः ढेकळं फोडत होते. त्यांचा सदरा घामानं भिजलेला, चेहऱ्यावर मात्र एखाद्या लग्नघरातली लगबग. आमच्या घराण्यात काळी जमीन फक्त दुसऱ्याची पाहिली होती. दुसऱ्याच्या काळ्या जमिनीत खुरपायला जायचं, वेचायला जायचं, संध्याकाळी पायाची माती झटकून परत यायचं. आता आमच्या पाच रोपांना ती मिळणार होती. आम्ही त्यांना रोज पाणी दिलं. शेणखत दिलं. मी वरून कविता म्हणून दाखवायचीच काय ती बाकी ठेवली होती.

पावसाळ्यात पाचही रोपं मेली. आधी पानं फिकट पडली, मग खोड मऊ झालं, मग एका सकाळी ती आडवी झाली. आईनं एक उपटून पाहिलं. मूळ काळं, कुजलेलं.

अण्णा ओट्यावर बसून राहिले. आईनं ते मूळ त्यांच्यापुढं ठेवलं. मग म्हणाली, "त्याला न्हाई मानवली. माळावरचं लेकरू आहे ते. आपण त्याला आपल्या मनातलं खाऊ घातलं. त्याला काय पाहिजे ते इचारलंच न्हाई."

हे वाक्य मी नंतर अनेक सभांमध्ये, अनेक पुढाऱ्यांकडं पाहताना मनात म्हटलं आहे.

पण इथंच एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तरवडाबद्दल लिहायला बसलं की लोक लगेच डोळे मिटून बोलू लागतात. बघा, कसा कमी पाण्यावर जगतो! बघा, खडकातून कसा वर येतो! काही जणांनी हे आमच्याकडं पाहूनही म्हटलेलं आहे. मला त्या कौतुकाचा राग येतो. तरवडाचं मूळ खोल जातं, त्याला मुरूम आवडतो, हा त्याचा स्वभाव आहे. माणसाला नळाचं पाणी लागतं आणि ते त्याला मिळालं पाहिजे. कुणी कमी पाण्यावर तगतो म्हणून त्याचं पाणी तोडायचा अधिकार कुणाला मिळत नाही. हे झुडूप झुडूपच राहू द्या. त्याला आमचं उदाहरण करू नका.

पुढच्या वर्षी काळी माती काढून ड्रममध्ये भरली आणि त्यात मिरच्या लावल्या. मिरच्या अशा आल्या की शेजारीपाजारी वाटून संपेनात. पट्टीत पुन्हा मुरूम ओतला. आई माहेरच्या माळावरून वाळलेल्या शेंगा घेऊन आली. चपट्या, कागदासारख्या, हलवल्या की खुळखुळणाऱ्या. तरवडाचं बी भलतं कडक असतं. नुसतं टाकलं तर दोन दोन वर्षं तोंड उघडत नाही. आईनं ओट्याच्या खरबरीत फरशीवर एकेक बी घासलं. मी आणि अण्णाही बसलो. तिघांची बोटं लाल झाली. मग कोमट पाण्यात भिजवलं, सकाळी फुगलेलं बी तेवढं निवडलं, आणि पाऊस दोनचार वेळा होऊन जमीन बसल्यावर बोटाच्या दोन पेरांइतकं खोल टाकलं.

"आता?" अण्णांनी विचारलं.

"आता काही न्हाई. इसरून जायचं," आई म्हणाली.

अण्णांना विसरणं जमलं नाही. रोज पेपर वाचायच्या निमित्तानं फाटकाशी उभे. आई आतून ओरडायची, "ओ मास्तर, हजेरी घेऊन राह्यले काय?"

पाच झाडं आली. पहिलं वर्ष मुळं खाली खाली जाण्यात गेलं, वर हातभर. दुसऱ्या उन्हाळ्यात नळाला दहा दहा दिवस पाणी नाही. कॉलनीनं भिंतीलगत लावलेली शोभेची कुंपणं, नर्सरीतून आणलेली, पोपटी पानांची, एकामागून एक वाळून काड्या झाली. आमच्या पाच झुडपांनी फक्त थोडी पानं गाळली आणि वाट पाहिली. पाऊस आल्यावर ती कमरेइतकी झाली. श्रावण सरला तेव्हा शेंड्याशेंड्याला हिरवे मणी दिसायला लागले. कळ्या.

त्याच आठवड्यात कॉलनीच्या कमिटीची मीटिंग झाली आणि ठराव झाला: सगळ्या घरांपुढं एकसारखी हेज लावायची. नवी, मशीननं कापता येईल अशी. जुनं सगळं काढायचं. वाळलेलं तर काढायचंच होतं. पण जिवंत असं काय होतं? आमचे पाच तरवड तेवढे.

सेक्रेटरीसाहेब सांगायला आले. बँकेतून रिटायर झालेले, सभ्य गृहस्थ, आवाज कधी चढवत नाहीत. फाटकाबाहेरूनच म्हणाले, "सर, गैरसमज नको. तुमच्याविरुद्ध काही नाही. पण हे जरा... माळावरचं झुडूप आहे ना. लोक स्मशानाच्या वाटेवर बघतात ते. कॉलनीचा एक लूक असतो."

"कोणते लोक?" मी विचारलं.

"लोक म्हणजे, जनरल."

"रविवारी माणसं येतील," ते अण्णांना म्हणाले. "कुदळी घेऊन. अर्ध्या तासाचं काम आहे."

अण्णा कागद काढायला आत गेले. मी तोंड उघडणार होते. त्याआधी आई पुढं झाली. तिनं एक फांदी हातात धरून त्यांच्यापुढं केली. "साहेब, कळ्या धरल्यात. भरल्या झाडाला कुऱ्हाड लावतेत का कोणी? फुलू द्या. मंग काढा."

सेक्रेटरीसाहेब कळ्यांकडं पाहत राहिले. एवढंच मागणं त्यांना नाकारता येईना. "ठीक आहे," ते म्हणाले. "दसऱ्यापर्यंत. त्यानंतर मी थांबवू शकणार नाही."

आई घरात आली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. "एकदा डोळ्यानं फुललेलं बघू दे. आपल्या दारात. एकदाच."

त्या आवाजानं माझ्या अंगाची आग झाली. मी बसले आणि पत्रक लिहिलं. त्यात पिढ्यानपिढ्यांचा अन्याय होता, माळ आणि काळी जमीन होती, 'भिंतीपलीकडचे मालक' होते, आणि 'आमच्या फुलांना हात लावाल तर' असं एक अर्धं सोडलेलं वाक्यही होतं. अण्णांनी लाल पेन घेतला. विशेषणं खोडली. अर्धं वाक्य खोडलं. मग विचारलं, "मागणी कुठं हाय?"

मी पाहिलं. मागणी नव्हती. सतरा ओळी होत्या आणि मागणी नव्हती.

तरी मी हट्टानं झेरॉक्स काढून घरोघरी टाकलं. न खोडलेलं. दुसऱ्या दिवशी एक प्रत कोपऱ्यावरच्या टपरीवर दिसली, भज्याखाली. समोरच्या घरातल्या सुमनकाकू, ज्या एरवी निदान मान हलवायच्या, त्या मला पाहून खिडकी लावून घेऊ लागल्या. कमिटीतले जे दोघं गप्प होते ते आता सेक्रेटरीसाहेबांच्या बाजूनं बोलू लागले. माझ्या पत्रकानं पाच झुडपांचे शत्रू वाढवले होते. शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं, वाचा आणि दुसऱ्याला द्या. कुणीच दुसऱ्याला दिलं नाही.

आणि तरवड फुलला.

एका सकाळी तीन फुलं. दुसऱ्या सकाळी हाताच्या बोटांवर मावेनात. तिसऱ्या सकाळी पानं दिसेनात. आई फाटकाशी स्टूल टाकून बसली. चहा तिथंच, भाजी निवडणं तिथंच. जाणाऱ्यायेणाऱ्याकडं ती पाहत नव्हती. फुलांकडंही फारसं पाहत नव्हती. नुसती त्यांच्यात बसली होती, बाजारातून आल्यावर माणूस आपल्या माणसांत बसतो तशी.

घट बसायच्या दिवशी पहाटे, नीट उजाडलं नव्हतं तेव्हा, फाटकापाशी फांद्या हलल्याचा आवाज आला. मला वाटलं, आले. मुदत मोडून आले. मी चप्पल न घालता धावले. आई माझ्या आधी पोचली होती.

भिंतीपलीकडं सुमनकाकू उभ्या होत्या. ओले केस, नवी साडी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत आमची फुलं.

"कोण हाय?" आईनं विचारलं, जरी तिला दिसत होतं.

"मी हाय. मी... निर्मलाताई." तीन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा आईचं नाव घेतलं. "दोनचारच घेतली. काय सांगू, आमच्या घरची पद्धत हाय. पहिली माळ तरवडाचीच लागते. सासूबाईंनी सांगून ठेवलेलं. पहिले इथं मागंच माळ होता, तिथून आणायचो. आता तिकडं सगळे प्लॉट पडले. काल पूरा अंबड हिंडून आले. झेंडू हाय, शेवंती हाय. तरवड कुठंच न्हाई."

मी उसळले. माझ्याकडं सतरा ओळी तयार होत्या. पण आईनं मागं न पाहता हाताचा पंजा मला दाखवला. थांब.

"मंग चोरून कशाला?" ती काकूंना म्हणाली. "फाटक उघडं हाय. आत या."

काकू घुटमळल्या. पिशवी या हातातून त्या हातात. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझी आंघोळ झालीय हो. घट बसवायचाय."

हे वाक्य किती जुनं होतं! आजीच्या परडीइतकं जुनं. मला ऐकू आलं ते, आणि मला माहीत आहे, आईलाही आलं. 

मग आई म्हणाली, "माझी बी झालीय. या."

इतक्या सहज म्हणाली, जणू तेवढाच प्रश्न होता. काकूंनी तिच्याकडं पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होते आणि आजही सांगते, त्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता. सवय होती. आणि सवयीला इतकं सरळ उत्तर आधी कुणी दिलं नव्हतं. काकूंनी फाटक ढकललं आणि त्या आत आल्या.

आईनं चहा टाकला. पाहुण्यांसाठीचे कपाटातले कप काढले नाहीत. रोजचेच काढले.

"माझा उपास हाय," काकू म्हणाल्या.

"चहाला कुठं उपास असतो? दूध जास्त घालते."

काकू चहा प्यायल्या. फुंकर घालून, पूर्ण कप. मग उठताना पिशवी पुढं करून म्हणाल्या, "एवढी पुरतील."

"ती ठेवा," आई म्हणाली. "ती अंधारात तोडलेली हायेत. मी देते." ती बाहेर गेली, निवडून निवडून टवटवीत फुलं तोडली आणि ओंजळ पुढं केली. "नऊ दिवस न्या. रोज न्या. पण एक सांगते काकू, भिंतीवरून हात घालायचा न्हाई. दार वाजवायचं. मी माझ्या हातानं तोडून देईन."

तिची ओंजळ हवेत होती. त्या ओंजळीत नुसती फुलं नव्हती आणि ते तिघींनाही कळत होतं.  मग सुमनकाकूंनी पिशवी काखेत धरली, दोन्ही हातांनी पदर पसरला, आणि आईनं त्यात फुलं ओतली.

काकू गेल्यावर मी आईशी भांडले. मी गप्प बसणारी नाही. "आपण घट बसवत न्हाई, देव मानत न्हाई, मंग आपली फुलं त्यांच्या घटाला का द्यायची?"

आई भाजी निवडत होती. "घट त्यांचा. फूल माझं. माझा हात लागला का न्हाई त्या फुलाला?"

"लागला."

"तुझ्या आजीचा चालला नव्हता."

 ओट्यावरून अण्णा म्हणाले, "बघ. मागणी एकच केली हिनं. दार वाजवा. तीन ओळी बी न्हाई, दोन शब्द. आपलं आयुष्य गेलं, आपल्याला इतकं छोटं लिहिता आलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सहाला दार वाजलं. काकू होत्या, आणि त्यांच्यासोबत मागच्या गल्लीतल्या दोघी. तिसऱ्या दिवशी पाच. चौथ्या दिवशी सेक्रेटरीसाहेबांची बायको! आमच्या ओट्यावर सकाळी सकाळी बायकांची रांग, आणि रांगेत गप्पा. कुणाला गुडघ्याचं औषध पाहिजे, कुणाला आमच्या ड्रममधल्या मिरच्या. आई झुडपांत उभी राहून तोडून द्यायची आणि प्रत्येकीला नावानं हाक मारायची. ज्यांची नावं तिला माहीत नव्हती त्यांना ती विचारायची. तीन वर्षं एका कॉलनीत राहून आम्हाला एकमेकींची नावं माहीत नव्हती, हे त्या नऊ दिवसांत कळलं.

नऊ दिवस तोडूनही फुलं कमी झाली नाहीत. तोडलं की दुसऱ्या दिवशी दुप्पट.

दसऱ्याला संध्याकाळी सेक्रेटरीसाहेब आले. मुदत संपली होती. अण्णांनी सदऱ्याची बटणं लावली आणि ताठ उभे राहिले. मी दारात. आई झुडपापाशी, एक हात फांदीवर.

सेक्रेटरीसाहेब या वेळी फाटकाबाहेर थांबले नाहीत. आत आले. आपट्याची पानं अण्णांच्या हातावर ठेवली. "सोनं घ्या, सर." मग घसा साफ केला. "ते झुडपांचं..."

"बोला," अण्णा म्हणाले.

"बी मिळेल का थोडं?"

अण्णांनी कानामागं पंजा धरला. "काय म्हणाले?"

"बी. सगळ्या भिंतीला हेच लावावं असं... म्हणजे मला विचारू नका, सर. आमच्या घरी ठराव झाला आहे. सर्वानुमते. मी एकटा विरोधात होतो, मग मीही बाजूनं झालो."

आई हसली. तिचं ते हसणं मी जपून ठेवलं आहे. "आत्ता न्हाई साहेब," ती म्हणाली. "शेंगा वाळू द्या. जल्दी केली तर कच्चं बी हातात येईल. लूकला थोडं थांबावं लागतं."

थंडीत शेंगा वाळल्या. बी काढलं. वाटायला पुड्या कशाच्या करायच्या, हा प्रश्न आला तेव्हा आईनं अण्णांची लोखंडी पेटी उघडली. तिच्यात उरलेली पत्रकं होती, पंचवीस वर्षांची, पिवळी पडलेली. अण्णा दचकले. "अगं, ते रेकॉर्ड हाय!"

"एकेक ठेवा रेकॉर्डला. बाकीची कोणासाठी ठेवून राह्यले?"

अण्णांनी एकेक प्रत बाजूला काढली. मग तेच पुड्या बांधायला बसले. प्रत्येक पत्रक आधी वाचायचे, मग त्याच्या घड्या घालायचे. वकीलसाहेबांच्या घरी हातपंपाची मागणी गेली. बँकेतल्या मॅडमकडं शिष्यवृत्तीची. सेक्रेटरीसाहेबांकडं ऊसतोडीच्या लेकरांची. आई प्रत्येकीला तोंडी सांगायची: काळी माती घालू नका, फरशीवर घासा, भिजवा, जूनमध्ये मुरमात टाका आणि विसरा.

माझ्या त्या फसलेल्या पत्रकाच्याही उरलेल्या प्रती त्यातच गेल्या. एक नेमकी सुमनकाकूंकडं. महिन्याभरानं त्यांनी मला रस्त्यात अडवलं. "काय गं, 'भिंतीपलीकडचे मालक' म्हणजे मीच ना?"

"तव्हा होत्या काकू."

त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "चांगलं लिहितीस. पण लई चढवून लिहितीस. पुडी सोडली म्हणून वाचलं, न्हाईतर कोण वाचतंय?"

मी अजून लिहिते. अजून चढवूनच लिहिते, कारण अजून पुष्कळ हात परडीपाशी येऊन मागं सरकतात आणि सगळीकडं आईसारखी बाई फाटकाशी उभी नसते. एका भिंतीनं जग बदलत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण ती भिंत बदलली. ती मी पाहिली. त्यापुढच्या पावसाळ्यात पेरलेलं बी आता खांद्याइतकं झालं आहे, आणि परवा वळणावर उभी राहून मी जे पाहत होते ते माझ्या आजीच्या माळाचं फूल होतं, कॉलनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आज सकाळी घट बसले. आता फुलं प्रत्येकीच्या दारात आहेत, तरी सवयीनं चारपाच जणी आमच्याकडं चहाला आल्याच. त्या गेल्यावर पुन्हा दार वाजलं. आईचे गुडघे आताशा दुखतात. "तू जा," ती आतून म्हणाली. "तुझ्या हातानं दे."

दारात एक अनोळखी बाई होती. कोपऱ्यावरच्या घरात भाड्यानं आलेली, अजून दारापुढं काही न लावलेली. "इथं दार वाजवून मागायचं असतं, असं सुमनकाकू म्हणल्या," ती म्हणाली. मी तिला आत घेतलं, झुडपातून ओंजळभर फुलं तोडली, तिच्या पदरात ओतली, आणि गेल्या वर्षीच्या बियांची एक पुडी वर ठेवली.

"हे काय हाय?"

"बी. जूनला टाका. काळी माती मात्र घालू नका."

तिनं पुडी उलटसुलट करून पाहिली. सायक्लोस्टाइलची फिकट अक्षरं घडीवर आली होती. उन्हाकडं धरून तिनं बोट ठेवून, एकेक शब्द सुटा करत, तळाची ओळ वाचली.

"वाचा आणि दुसऱ्याला द्या."

मग पुडी कमरेला खोचली आणि म्हणाली, "देईन की."